पंपाच्या पेट्रोलवर एकशे एकतीस

इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र बघायला आलेला माणूस बहुतेक वेळा निराश होऊन जाई. "यंत्र कुठाय?" असं तो विचारी, आणि ज्याला टेकून तो उभा असे तेच ते असे. आडवं ठेवलेलं लोखंडी पिंप, आत पाणी, पाण्यात फिरणारं चक्र. इंजिनाचा दांडा या चक्राला जोडायचा. इंजिन चक्र फिरवतं, पाणी त्याला अडवतं आणि या ओढाताणीत बाहेरचं पिंपही फिरू पाहतं. ते फिरू नये म्हणून त्याचा एक आडवा हात वजनकाट्याला बांधलेला असतो. काट्यावर पडलेली ओढ आणि इंजिनाचे मिनिटाला फेरे यांवरून हॉर्सपॉवर काढता येते. यंत्राचं पुस्तकी नाव डायनॅमोमीटर. आम्ही त्याला ब्रेक म्हणत असू.

भांडुपला, लालबहादूर शास्त्री मार्गावरून आत जाणाऱ्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये मी या ब्रेकवर नऊ वर्षं काम केलं. पुढची वीसेक वर्षं वर्तमानपत्रात वाहनांबद्दल लिहिण्यात गेली. या लेखात ऐंशीच्या दशकातला एक हिवाळा आहे.

आधी गिऱ्हाइकांबद्दल. घाटकोपरचे एक टॅक्सीमालक दरवर्षी दिवाळीनंतर इंजिन उतरवून आणत आणि आकड्याचा कागद फ्रेम करून नेत. एक वृद्ध पारशी गृहस्थ होते, त्यांना आकडा ऐकायचाच नसे. "गेल्या वर्षीपेक्षा कमी आला काय, एवढंच बोल डिकरा," म्हणत. दरवर्षी कमीच येई. मी "नाही" म्हणून सांगत असे. नऊ वर्षांत जाणूनबुजून दिलेली खोटी उत्तरं तेवढीच होती, असं लिहिता आलं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

गोरेगावहून येणारा एक तरुण पेट्रोल स्वतःचं आणायचा, दुधाच्या कॅनमधून. झाकण काढलं की शेडभर नेलपॉलिशसारखा वास. त्या पेट्रोलवर त्याचं टर्बो लावलेलं इंजिन असे आकडे दाखवी की खुद्द त्यालाच भीती वाटे. त्याच्यामुळे आम्ही नियम केला: टर्बोचं इंजिन असेल तर पेट्रोल पंपाचंच. कॅन मी भरून आणणार आणि झाकणाला शिशाचं सील मारणार.

नियमाचं कारण सोपं आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोतला पंखा फिरतो आणि जास्तीची हवा इंजिनात कोंबतो. जितकी हवा जास्त तितकी ताकद जास्त. पण हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपल्या आपण पेटतं. त्याला नॉक म्हणतात. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो, आणि तो काही सेकंद चालू राहिला तर पिस्टन फुटतो. भारी पेट्रोल नॉक पुढे ढकलतं. म्हणून दुधाच्या कॅनमधल्या पेट्रोलवर कुणीही आकडा काढील. दोन टर्बो इंजिनांची तुलना करायची तर ती पंपाच्या पेट्रोलवर, कारण रस्त्यावर मिळतं ते तेच. त्यात कारागीर कळतो.

ब्रेकच्या खोलीत इतका गोंगाट असे की नॉक नुसत्या कानाला ऐकू येत नसे. आम्ही इंजिनाच्या ब्लॉकला तांब्याची नळी बसवत असू. ती भिंतीतून काचेपलीकडच्या आमच्या खोलीत येई, आणि तिच्या टोकाला स्टेथोस्कोपची रबरी नळी जोडलेली असे. एक जण ती कानात घालून उभा राही. त्याने हात वर केला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारी मूठ, बंद, मग आकडा मिळो न मिळो. इथे आमचा दुसरा नियम होता. ज्याचं इंजिन त्याने नळी कानाला लावायची नाही. आकड्याच्या हावेपोटी माणसाला ऐकू आलेलंही ऐकू येत नाही. दोघांमध्ये स्पर्धा असेल तर नळी प्रतिस्पर्ध्याच्या कानात. त्याच्या कानातून नॉक चुकूनही सुटणार नाही, असा त्यामागचा हिशेब.

माझा कान मुंबईत सगळ्यात चांगला समजला जात असे. हे मी म्हणत नव्हतो, अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचे गॅरेजवाले म्हणत. इतरांना खडे ऐकू येत. मला पहिला खडा ऐकू येई.

आता रघू परब. भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत वाढलेला, मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत. शिक्षण दहावी नापास. दिंडोशीला एका वाडीत भाड्याच्या छपराखाली त्याचं गॅरेज होतं. माझ्याकडे डिप्लोमा होता, ब्रेक होता, दाब आणि तापमान दाखवणारी घड्याळं होती. त्याच्याकडे आरे कॉलनीतला एक चढ होता. सकाळी साडेपाचला दुधाच्या गाड्या गेल्या की तो गाडी घेऊन तिथे जाई, तिसऱ्या गिअरमध्ये एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत किती सेकंद लागले ते मोजी, परत येऊन कार्बुरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदली आणि पुन्हा जाई. एकदा मी सोबत गेलो होतो. गोठ्यांच्या वासात, हातात साधं स्टॉपवॉच घेऊन तो म्हणाला, "हा आपला ब्रेक, दामल्या. पाणी घालायला नको, काय नको. म्हशी आडव्या येतात तेवढंच."

मी हसलो होतो. त्याच्या हातात जे होतं ते माझ्या हातात नाही, हे मला त्याआधी दोन वर्षांपासून माहीत होतं. तो इंजिनाला हात लावून सांगे की दुसरा सिलिंडर थंड चालतोय. मी घड्याळ बघून तेच सांगे, नंतर. लोक माझ्या आकड्याला मान देत आणि इंजिन त्याच्याकडे नेत.

त्या वर्षी मुलुंडच्या कीर्तिभाईंनी, त्यांचा प्लास्टिकचा कारखाना होता आणि शर्यतीचा नाद होता, दोन इंजिनं मागवली. एक माझ्याकडून, एक परबकडून. दोन्ही सोळाशे सीसीची, एकाच बनावटीची. टर्बो दोघांनी कुर्ल्याच्या भंगारातून शोधायचे. ज्याचा आकडा जास्त, त्याचं इंजिन फेब्रुवारीत मद्रासच्या शर्यतीला जाणार आणि पुढे कीर्तिभाईंच्या सगळ्या गाड्या त्याच्या हाताखाली राहणार. परबसाठी याचा अर्थ पक्कं छप्पर असलेलं गॅरेज. माझ्यासाठी याचा अर्थ काचेच्या या बाजूने त्या बाजूला जाणं. दुसऱ्यांची इंजिनं मोजण्याचा मला कंटाळा आला होता. शेडच्या मालकांनी कामाची वेळ संपल्यावर इंजिन बांधायची मला परवानगी दिली. मोजणारा आणि स्पर्धक एकच माणूस, यावर कुणीच हरकत घेतली नाही. परबने तर मुळीच नाही. "दामल्या काटा नाय दाबायचा," तो म्हणाला.

डिसेंबरातल्या एका सकाळी आठला मोजणी सुरू झाली. आधी माझं इंजिन. थ्रॉटल माझ्या हाती, नळी परबच्या कानात. आमचा रिवाज असा: पूर्ण जोरावर दहा सेकंद धरायचं, काटा स्थिरावला की आकडा टिपायचा, असं तीनदा. पहिल्याच वेळी सातव्या सेकंदाला परबने हात वर केला. मी थ्रॉटल सोडलं.

"खडखडतंय," तो म्हणाला. "थोडंच. दोन डिग्री मागे घे."

मी ठिणगीची वेळ दोन डिग्री मागे घेतली. तीन आकडे आले: एकशे सोळा, सतरा, सतरा. त्याने हात वर केला नसता तर माझा पिस्टन त्या सकाळी गेला असता. मी त्याचे आभार मानले नाहीत. नियमच होता तसा.

मग त्याचं इंजिन चढवलं. दिसायला ओबडधोबड. टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये त्याने जुन्या एअरकंडिशनरची जाळी बसवली होती, तापलेली हवा त्यातून गार होऊन आत जावी म्हणून. धावत्या गाडीत जाळीला वारा लागतो. आमच्या खोलीत वारा कुठला? म्हणून त्याने जाळीवर ओलं गोणपाट टाकलं आणि समोर टेबलफॅन लावला. त्याचा टर्बो माझ्यापेक्षा कमी दाब देत होता. मला बरं वाटलं. नळी मी कानात घातली, थ्रॉटलही माझ्याकडेच, परब काट्याजवळ.

एकशे तीस. एकतीस. एकतीस.

नळीत एकही खडा नाही. इंजिन दुधाच्या सायीसारखं चालत होतं. मी दोनदा गुणाकार केला, मग तिसऱ्यांदा.

कीर्तिभाईंनी टाळी वाजवली. "चौदा घोडे जास्ती! परबभाई, कमाल केली तुमी."

"माझी नाय, त्या जाळीची कमाल," परब म्हणाला. "एसीवाल्याने फुकट दिली. बोलला, घेऊन जा, लीक आहे."

तेव्हा मी म्हणालो, "पेट्रोल बघावं लागेल."

सील माझं होतं, पण परबचं इंजिन आदल्या संध्याकाळपासून शेडमध्ये होतं, आणि त्याच्या कार्बुरेटरकडे जाणाऱ्या नळीत त्याचं आधीचं पेट्रोल असू शकत होतं. नऊ मिनिटं चाललेल्या इंजिनात त्याचा थेंबही उरत नाही. हे मला ठाऊक होतं. कीर्तिभाईंना नव्हतं.

परबने माझ्याकडे बघितलं. "खरंच बोलतोस?"

"नियम नियम आहे."

"मग आण बाबा. तू जा, तू भर, तूच ओत. मी हात नाय लावत."

मी सायकलवर पंपावर गेलो. वेगळ्या पंपावर, जरा लांबच्या. टाकी रिकामी करून, नळ्या पुसून पुन्हा जोडेपर्यंत दुपारचा दीड वाजला. पत्र्याची शेड तापली होती. परब बादलीतून गोणपाट भिजवायला लागला.

"ते नको," मी म्हणालो. "गाडीत गोणपाट असणार आहे का?"

"गाडीत वारा असणार आहे मेल्या! इथे काय, तू फुंकर मारणार?"

"मग कीर्तिभाईंनी सांगावं."

कीर्तिभाई घड्याळ बघत होते. "दामलेभाई बोलतात ते बराबर. जे गाडीत असेल तेच ठेवा. पंखा चालेल."

माझा मुद्दा ऐकायला न्याय्य होता. माझ्या इंजिनाला असली जाळीच नव्हती, त्यामुळे माझं काही बिघडत नव्हतं. परब थोडा वेळ ओलं गोणपाट हातात धरून उभा राहिला, मग त्याने ते बादलीवर टाकलं. "उद्या सकाळी घेऊ या का, गारव्यात?" त्याने विचारलं.

"टाइम नाय आपल्याकडे," कीर्तिभाई म्हणाले.

पहिला आकडा: एकशे अठ्ठावीस. सकाळपेक्षा हवा नऊ अंशांनी गरम, गोणपाट नाही, तरी अठ्ठावीस. पेट्रोल प्रामाणिक होतं हे इथेच सिद्ध झालं. दुसरा: एकशे सव्वीस.

"झालं ना?" परब म्हणाला. "तापलंय ते. बस कर आता."

"नियम तीनचा आहे," मी म्हणालो आणि थ्रॉटल उघडलं.

चौथ्या सेकंदाला मला पहिला खडा ऐकू आला.

तो एकच होता. पाचव्या सेकंदाला तीन-चार. काचेतून परब दिसत होता, काट्यावर वाकलेला, माझ्याकडे पाठ. खडे एकत्र होऊन सलग आवाज झाला. माझा उजवा हात थ्रॉटलवर होता. तो मागे घ्यायला लागणारा वेळ पाव सेकंदाहून कमी. त्याच्या खांद्यावरून मी काट्याकडे बघत होतो, मनातल्या गुणाकारात आकडा एकशे चोवीस होता आणि खाली येत होता. मला तो एकशे सतराच्या खाली हवा होता. त्या वेळी डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. नवव्या सेकंदाला मोठा आवाज झाला, धूर आला, आणि मग मी थ्रॉटल सोडलं.

कागदावर मी लिहिलं: "तिसरी मोजणी अपूर्ण. इंजिनात बिघाड. पूर्वसूचना ऐकू आली नाही."

फुटलेलं इंजिन मद्रासला जाऊ शकत नव्हतं. नव्या पिस्टनसाठी दोन महिने लागले असते, कारण ते बाहेरून मागवावे लागत. कीर्तिभाईंनी परबच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझं इंजिन नेलं. फेब्रुवारीत मी मद्रासला गेलो. माझं इंजिन शर्यत पुरी करून पाचवं आलं. पुढच्या वर्षी कीर्तिभाईंचा शर्यतीचा नाद सुटला. म्हणजे मलाही काही मिळालं नाही.

पण त्याआधी, मोजणीच्या दुसऱ्या दिवशी, परब शेडवर आला होता. त्याने माझ्या टेबलावर पिस्टन ठेवला. कडेचा तुकडा उडालेला, वरचा भाग वितळून खडबडीत झालेला.

"हे एका सेकंदात नाय होत," तो म्हणाला. "तुला कधी ऐकू आलं?"

"नाही आलं."

"अजिबात?"

"फुटलं तेव्हा आलं."

मी वाट बघत होतो की आता तो शिवी देईल. माझं उत्तर तयार होतं. त्याऐवजी तो समोरच्या स्टुलावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "दामल्या, मग तुझा कान गेला रे."

मी टेबलावरचा पिस्टन उलटा करून ठेवला.

"आठ वर्षं या गोंगाटात उभा आहेस. जाणारच. माझा मामा गिरणीत साच्यावर होता, त्याचं पण असंच झालं. आधी बारीक आवाज जातात. माणसाला कळत नाय." पिस्टन त्याने खिशात टाकला. "इंजिन काय, परत बांधीन. कानाचं बघ तू."

त्याने हे मनापासून म्हटलं, आणि मनापासूनच सगळीकडे सांगितलं. महिन्याभरात अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, सगळ्या गॅरेजवाल्यांना कळलं की दामल्याचा कान गेला. गिऱ्हाइकं नळी धरायला स्वतःचा माणूस आणू लागली. टॅक्सीमालक माझ्याशी मोठ्याने बोलू लागले. एकदा एका पोरसवद्या मेकॅनिकने नळी कानात घालून हात वर केला. काही नव्हतं, व्हॉल्व्हचा आवाज होता. मी म्हणालो, "नॉक नाही तो." त्याने तिथे आलेल्या परबच्या एका ओळखीच्या माणसाकडे बघून डोळा मिचकावला, आणि सगळ्यांनी त्याचंच ऐकलं. मला ऐकू येतं हे सांगायचं तर त्या दुपारीही ऐकू आलं होतं हे सांगावं लागणार होतं. मी थ्रॉटलजवळ उभा राहिलो आणि जे कच्चे कान नळीला लावले जात होते त्यांचा हेवा करत राहिलो.

पावसाळ्याच्या आधी परब पुन्हा आला. "घाटकोपरला कानाचे डॉक्टर आहेत, मशीनवर बघतात. माझ्या बहिणीला नेलं होतं. चल."

"काही गरज नाही."

"चल रे. मी नंबर लावून आलोय."

दवाखान्याच्या आत लाकडी खोकं होतं, छोट्या कपाटाएवढं, आतून बुचाचं अस्तर लावलेलं. डॉक्टरांनी मला त्यात बसवून माझ्या कानांवर हेडफोन चढवला. "आवाज ऐकू आला की बोट वर करा. कितीही बारीक असो." काचेपलीकडे डॉक्टर मशीनची बटणं फिरवत होते आणि त्यांच्या मागे, हातातली टोपी गुडघ्यावर ठेवून, परब बसला होता.

पहिला आवाज जाड होता. मी बोट उचललं नाही. दुसराही तसाच सोडला. परबची मान किंचित खाली गेली. त्याच्या चेहऱ्यावर कीव होती. मग आवाज बारीक होत गेले, वर वर चढत गेले, आणि एक असा आला की तो आवाज आहे की शांतता, हे सांगणं कठीण. एवढा बारीक आवाज परबला कधीच ऐकू आला नसता. माझं बोट वर गेलं.

त्यानंतर मी एकही सोडला नाही. सोडलेले दोन त्यांनी पुन्हा ऐकवले, तेही उचलले.

डॉक्टरांनी आलेख परबच्या हातात दिला, कारण नंबर त्याने लावला होता. "काय हो, कुणी सांगितलं यांचा कान गेलाय? वीस वर्षांच्या मुलाला असा कान नसतो."

परबने कागद आधी उलटा धरला, मग सरळ. घडी घालून मला दिला. आम्ही जिना उतरलो. खाली रस्त्यावर रिक्षांची रांग होती, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ चालू होतं.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "पाच सेकंद."

"पाच?"

"चौथ्याला आला. नवव्याला फुटलं."

त्याने खिशातून स्टॉपवॉच काढलं, आरेतल्या चढावरचं. बटण दाबलं आणि काट्याकडे बघत तिथेच, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, उभा राहिला. मीही उभा राहिलो. एक बाई रस पिऊन, ग्लास ठेवून, पदराने तोंड पुसून निघून गेली. मग त्याने बटण पुन्हा दाबलं.

"बराच वेळ असतो रे," परब म्हणाला, आणि दिंडोशीची बस पकडायला रस्ता ओलांडून गेला.